गोवा, १९६१: मुक्ती न्याय्य, पण सरकारने दिलेली कारणं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या विधी महाविद्यालयात वादविवाद आहे. विषय: 'डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात सैन्य पाठवण्यासाठी भारत सरकारने दिलेलं समर्थन वैध होतं.' माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली आहे. मी सावंतवाडीची, आजोबा १९५५ च्या सत्याग्रहात होते. गोवामुक्तीच्याच विरोधात बोलल्यासारखं होईल, या विचाराने हातपाय गळालेत. ही बाजू खरंच मांडता येते का? आणि १९६७ च्या जनमत कौलाला गोव्याचं सार्वमत म्हणता येईल का?"

मांडता येते, आणि आजोबांना पहिल्या रांगेत बसवून मांडता येते. विषय पुन्हा एकदा वाचा. गोवा मुक्त व्हायला हवा होता का, असं कुणी विचारलेलंच नाही. विचारलंय ते सरकारने जगापुढे ठेवलेल्या कारणांबद्दल. मी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो, मूट कोर्टांना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्यांना, परीक्षक म्हणून बसतो. या विषयावरचा वाद बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच घसरतो आणि घसरतो तो इथेच. एक बाजू पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या जुलमाचे दाखले देत सुटते, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४), म्हणजे दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला बंदी, घोकत राहते, आणि कोण कुणाला उत्तर देतंय हेच कळत नाही.

आधी एक मुद्दा टाकून द्या. तुमच्या गटातला कुणीतरी उत्साहाने सांगेल की तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध लढायचं होतं, म्हणून गोवा झाला. हा आरोप त्या काळीही झाला होता. पण हेतू संशयास्पद असला म्हणून दिलेलं कारण खोटं ठरत नाही, आणि हेतू शुद्ध असला म्हणून ते खरंही ठरत नाही. परीक्षक मुरलेला असेल तर या मुद्द्यावर तुमचे गुण कापेल. मी तरी कापतो.

आता सरकारने नेमकं काय सांगितलं? १८ डिसेंबर १९६१ ला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली, तेव्हा सैन्य गोव्यात शिरलेलं होतं. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा. त्यांचा युक्तिवाद आणि त्याआधी दिल्लीतून झालेली निवेदनं एकत्र ठेवली की तीन वेगवेगळी कारणं दिसतात. पोर्तुगिजांनी सीमेवर कुरापती काढल्या, गोळीबार केला. गोवा हा भारताचाच भाग आहे, त्यामुळे स्वतःच्याच सीमेवर, स्वतःच्याच माणसांवर आक्रमण होऊ शकत नाही. आणि वसाहतवाद हेच मुळात एक अखंड चाललेलं आक्रमण आहे, ते संपवणं म्हणजे सनदेचा भंग नव्हे. तुमची सगळी बाजू या एका निरीक्षणावर उभी राहते, की ही तीन कारणं एकमेकांना पूरक नाहीत, ती एकमेकांचे पाय ओढतात. गोवा आपलाच असेल तर 'सीमा' कुठली? सीमेवरच्या हल्ल्याला प्रत्युत्तर दिलं असेल तर ते हल्ल्यापुरतं हवं, अख्खा मुलूख घेण्याइतकं नको. आणि वसाहतवाद हेच आक्रमण असेल तर ते १९४७ पासून तसंच होतं. मग १९५५ मध्ये सत्याग्रह्यांवर गोळ्या चालूनही नेहरूंनी सैन्य का पाठवलं नाही?

पहिलं कारण सगळ्यात परिचित दिसतं, कारण सनदेच्या कलम ५१ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. घटना घडल्या होत्या हे मान्य करून टाका, त्यात कमीपणा नाही. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून १७ नोव्हेंबर १९६१ ला 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, त्यात बोटीवरचा एक अधिकारी जखमी झाला. आठवडाभराने एका मच्छीमाराचा जीव गेला. पण स्वसंरक्षणाचं जे मोजमाप १८३७ च्या 'कॅरोलाइन' बोटीच्या प्रकरणापासून चालत आलंय, ते विचारतं: गरज तातडीची होती का, दुसरा उपाय शिल्लक होता का, आणि प्रत्युत्तर प्रमाणात होतं का. गोळीबार आणि कारवाई यांत महिना गेला. कारवाईचा दिवस आधी १४ डिसेंबर ठरला होता, तो पुढे ढकलत १८ वर आला. पुढे ढकलता येणारी तातडी कोर्टात टिकत नाही. आणि प्रमाणाचा प्रश्न तर नकाशा उघडला की सुटतो: अंजदीववरच्या गोळ्यांना उत्तर म्हणून अंजदीव घेतलं असतं तर बोलता आलं असतं. दमण मुंबईच्या उत्तरेला, दीव सौराष्ट्राच्या टोकाला. तिथून 'साबरमती'वर कोण गोळ्या झाडणार होतं?

पोर्तुगीज जमवाजमव करताहेत, हल्ल्याचा धोका आहे, असंही त्या महिन्यात बरंच छापून आलं. प्रत्यक्षात गोव्यातली पोर्तुगीज फौज साडेतीन हजारांच्या आसपास होती, लढाऊ विमान एकही नव्हतं, आणि बंदरात १९३० च्या दशकातली 'अफोन्सो दि अल्बुकर्क' ही एकच मोठी युद्धनौका. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही, असा हुकूम पाठवला. चढाईच्या तयारीत असलेला माणूस असा हुकूम देत नाही. व्हासालो इ सिल्वांनी तो पाळला नाही, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती पत्करली, आणि मायदेशी जाऊन त्याची शिक्षाही भोगली. (या कारवाईत भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० माणसं गेली. एखादा वक्ता 'रक्ताचा थेंबही न सांडता' म्हणाला तर त्याला तिथेच अडवा. अंजदीववर उतरताना आपल्या नौदलाचेच सात जण गेले.)

म्हणजे पहिलं कारण घटनेच्या बाजूने खरं, पण कारवाईचं वजन पेलण्याइतकं मोठं नाही. माझं मत विचाराल तर सरकारने ते द्यायलाच नको होतं. त्याने बाकीच्या दोन कारणांची किंमत कमी केली.

दुसरं कारण, म्हणजे 'आपलाच मुलूख', सभेत टाळ्या घेतं. इथे तुम्हाला मराठ्यांच्या काळचा एक तह उपयोगी पडेल, आणि तो दोन्ही बाजूंनी कापतो. दादरा आणि नगरहवेली हे दमणजवळचे, चारी बाजूंनी भारताने वेढलेले पोर्तुगीज मुलूख १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केल्यावर भारताने पोर्तुगिजांना दमणहून तिथे जायची वाट दिली नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि या खटल्यापुरते भारतातर्फे न्यायाधीश म्हणून बसले ते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला. पोर्तुगालचा दावा होता की १७७९ च्या तहाने मराठ्यांनी ही गावं आम्हाला दिली. पुण्याच्या दरबाराला तेव्हा इंग्रजांशी लढाई चालू असताना पोर्तुगिजांची मैत्री हवी होती, आणि १२ हजार रुपये उत्पन्नाची गावं देण्याचं कबूल झालं. पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. न्यायालयाने तहाचं १७ वं कलम आणि त्या सनदा वाचून ठरवलं की हा सरंजाम होता, महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व मराठ्यांनी दिलेलंच नव्हतं.

इथपर्यंत ऐकून तुमचे प्रतिस्पर्धी खूश होतील. पण निकाल पुढे म्हणतो की इंग्रज आले तेव्हा त्यांना पोर्तुगीज तिथे सत्ता गाजवताना सापडले, इंग्रजांनी ती सत्ता वागणुकीतून मान्य केली, आणि नंतर भारतानेही ती मूकपणे मान्य केली. १२ एप्रिल १९६० च्या या निकालात खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असं ११ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नव्हता, हे ८ विरुद्ध ७. आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६. भारत जिंकला, पण जिंकताना त्या मुलखावरचं पोर्तुगीज सार्वभौमत्व न्यायालयाने गृहीत धरलं. आता झा यांचा वीस महिन्यांनंतरचा युक्तिवाद, की पोर्तुगिजांचा ताबा ४५० वर्षांपूर्वी, पहिल्या दिवसापासूनच बेकायदा होता, या निकालाशेजारी ठेवून पाहा. त्यातच १९२८ च्या पाल्मास बेटाच्या लवादाने घालून दिलेलं तत्त्व असं, की जुन्या घटनेची वैधता त्या काळच्या कायद्याने तपासायची. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा जिंकलेला मुलूख जिंकणाऱ्याचा, हाच कायदा होता. विजापूरच्या आदिलशाहीकडेही तो जिंकूनच आलेला होता.

याहून धारदार हत्यार आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दिलंय, आणि वादविवादात ते फार कमी जण वापरतात. दमणमधल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १९६१ च्या अखेरीस दिलेले आयात परवाने भारत सरकारने मानले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की हा प्रदेश जिंकून सामील करून घेतलेला आहे, त्यामुळे आधीच्या सत्तेने दिलेले हक्क नव्या सार्वभौम सत्तेवर बंधनकारक नाहीत, तिने मान्य केले तरच ते उरतात. १९६९ मध्ये पोर्तुगीज नागरिकत्व ठेवणाऱ्या एका गोमंतकीय धर्मगुरूंना देश सोडायला सांगितल्याचा खटला आला. त्यातही युद्धात ताब्यात गेलेल्या मुलखातल्या नागरिकांना जपणाऱ्या जिनिव्हा कराराचं संरक्षण त्यांना मिळालं नाही, कारण लष्करी ताबा संपून सामिलीकरण पूर्ण झालं होतं, असं मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायालयाचं म्हणणं. थोडक्यात, न्यूयॉर्कमध्ये 'आमचंच होतं, घेतलं कुठे?' आणि दिल्लीत 'जिंकून घेतलं, म्हणून जुने हक्क संपले.' संसदेनेही बारावी घटनादुरुस्ती करून २० डिसेंबर १९६१ पासून हे प्रदेश संघराज्यात आणले. आधीपासून आपलेच असते तर आणायची गरज काय होती? सरकारी वकिलाला प्रत्येक खटल्यात त्या खटल्यापुरता युक्तिवाद करावा लागतो, हे मला धंद्यामुळे कळतं. पण समर्थनाची वैधता तपासायची म्हणजे हेच तपासायचं, की ते देणारा स्वतः ते सगळीकडे मानतो का.

तिसऱ्या कारणापाशी मात्र सावकाश जा. तुमची कसोटी इथे आहे, कारण हे कारण खरोखर जड आहे.

पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा हा मिन्हो किंवा अल्गार्वसारखाच पोर्तुगालचा तुकडा, त्याबद्दल बोलणी कसली? भारताने २७ फेब्रुवारी १९५० ला बोलण्यांची मागणी केली होती. उत्तर नकाराचं आलं. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. फ्रान्सने तेवढ्याच काळात चंद्रनगर सोडलं, १ नोव्हेंबर १९५४ ला पाँडिचेरीचा ताबा दिला. लिस्बन हललं नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीसह वेगवेगळ्या ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक माणसं मेली. तुमच्या आजोबांना हे मी सांगायला नको. नानासाहेब गोरे, मधु लिमये यांच्यासारखे लोक आधीच आत होते, त्यांना लांबलचक शिक्षा झाल्या. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढून गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून होऊ दिला.

मग १९६० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वारं फिरलं. १४ तारखेला १५१४ क्रमांकाचा ठराव ८९ विरुद्ध ० मतांनी झाला, ९ देश तटस्थ. सर्व वसाहतींना ताबडतोब स्वातंत्र्य, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावाने पोर्तुगालच्या ताब्यातल्या अस्वशासित प्रदेशांची यादीच दिली, आणि तिच्यात गोवा आणि त्याचे अंकित प्रदेश होते. 'प्रांत' ही कथा तिथे संपली. १९५५ आणि १९६१ यांत काय बदललं, असं मी वर विचारलं. त्याचं प्रामाणिक उत्तर अंजदीव हे नाही, हे दोन ठराव आहे. तुमचे प्रतिस्पर्धी शहाणे असतील तर इथून सुरुवात करतील.

तुम्ही काय म्हणायचं? पहिलं, आमसभेचा ठराव शिफारस असतो. दुसरं, १५१४ मध्ये बळ वापरायला परवानगी देणारी एक ओळ नाही. उलट त्याचा शेवटचा परिच्छेद सर्व देशांना सनदेचं काटेकोर पालन करायला सांगतो. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, तो मतदानात दडलेला आहे. १८ डिसेंबरला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी, सैन्य माघारी आणि शांततेने तोडगा असा ठराव आणला. बाजूने ७, विरोधात ४. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. भारताच्या बाजूचा, पोर्तुगालला दोष देणारा ठराव सिलोन, लायबेरिया आणि अरब प्रजासत्ताकाने मांडला, त्याला ४ मतं मिळाली, विरोधात ७. सर्वसाधारणपणे हे मतदान 'पाश्चिमात्य विरुद्ध आफ्रो-आशियाई' असं सांगितलं जातं आणि सोडून दिलं जातं. पण त्या सातांत चिली आणि इक्वेडोरही होते. त्यांच्याकडे वसाहत नव्हती, दोघांनी वर्षभरापूर्वी १५१४ ला होकार दिला होता. साध्य मान्य, साधन अमान्य, असं म्हणणारी ती दोन मतं ब्रिटन-फ्रान्सच्या मतांपेक्षा जास्त बोलकी आहेत. ब्रिटन आणि फ्रान्सने तर पाचच वर्षांपूर्वी सुएझमध्ये सैन्य उतरवलं होतं. त्यांच्याकडून कलम २(४) ऐकून घ्यायची गरज नाही.

अमेरिकेचे अडलाय स्टीव्हन्सन त्या रात्री म्हणाले की ज्या नाटकाचा शेवट संयुक्त राष्ट्रांच्या मृत्यूत होऊ शकतो, त्याचा हा पहिला अंक आहे. अतिशयोक्ती होती. झा यांचं गाजलेलं वाक्य मात्र तुमच्या कामाचं आहे: वसाहतवादाचे शेवटचे अवशेष नाहीसे करणं ही आमची श्रद्धा आहे, 'सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो'. वक्तृत्व म्हणून दणदणीत. पण कायद्याच्या व्यासपीठावर उभं राहून कायदा असो वा नसो म्हणणं म्हणजे आपलं समर्थन कायद्यात बसत नाही, याची कबुलीच. भारताच्या वकिलाच्या जागी मी असतो तर हे वाक्य मी खोडलं असतं.

इथे मला एक गोष्ट कायम खटकत आली आहे. तिसऱ्या कारणाचा खरा आधार गोव्यातली माणसं होती. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांच्या सभेला जमलेले लोक, त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, तुरुंगात सडलेले कार्यकर्ते, लिस्बनजवळच्या तुरुंगात १९६९ पर्यंत डांबलेले मोहन रानडे. वसाहतीतली जनता स्वतः उठली आहे आणि तिला चिरडलं जातंय, आम्ही तिच्या हाकेला धावलो, अशी मांडणी झाली असती तर ती काळाच्या पुढे असती, पण भक्कम असती. १९६५ च्या २१०५ क्रमांकाच्या ठरावाने आमसभेने वसाहतीतल्या जनतेचा लढा वैध मानला, १९७४ च्या आक्रमणाच्या व्याख्येतही त्याला जागा मिळाली. दिल्लीने मात्र जनतेपेक्षा जमिनीबद्दल जास्त बोलायचं ठरवलं. 'गोवा आमचा' हे सांगताना 'गोमंतकीयांना काय हवंय' हा प्रश्न मागच्या बाकावर गेला.

हा फरक पुस्तकी नाही. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाने पूर्व तिमोर घेतला. तीही पोर्तुगीज वसाहत, तीही एका मोठ्या शेजाऱ्याला चिकटलेली, आणि कारणांची भाषाही ओळखीची. सुरक्षा परिषदेने ३८४ क्रमांकाच्या ठरावात इंडोनेशियाला सैन्य मागे घ्यायला सांगितलं. तिमोरच्या लोकांना इंडोनेशिया नको होता आणि पुढे १९९९ मध्ये त्यांनी मतदानाने ते दाखवून दिलं. एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर हाच वसाहतवादाचा मुद्दा वापरला, तिथल्या लोकांना अर्जेंटिना नको होता. झा यांचं तिसरं कारण जसंच्या तसं वैध मानलं तर ही दोन्ही प्रकरणंही वैध मानावी लागतात. गोव्याला त्यांच्यापासून वेगळं काढणारी गोष्ट म्हणजे तिथल्या लोकांचा कल, आणि नेमका त्यावर सरकारने भर दिला नाही. हा मुद्दा तुमच्या भाषणाच्या मध्यभागी ठेवा.

प्रतिस्पर्धी म्हणतील, चौदा वर्षं वाट पाहिली, आणखी किती? वाट पाहिली हे खरं, आणि सालाझार कधीच बोलणार नव्हता हेही बहुधा खरं. पण गोव्याचा प्रश्न भारताने स्वतः होऊन सुरक्षा परिषदेपुढे नेला नव्हता. काश्मीर नेला होता, गोवा नाही. ते म्हणतील, नेऊन काय उपयोग, नाटोतल्या मित्राला वाचवायला तीन नकाराधिकार तयार होते. असतील. पण येणाऱ्या नकाराच्या अंदाजावर मागणीच न करणारा देश 'शांततेचे सर्व मार्ग संपले' असं म्हणू शकत नाही. नकाराधिकार वापरला गेला असता तर १८ डिसेंबरला झा यांच्या हातात किती मोठा कागद असता, याचा विचार करा. शेवटी नकाराधिकारानेच तारलं, फक्त तो मॉस्कोचा होता.

देशातही टीका झाली नव्हती असं नाही. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) लिहिलं की लष्करी बळाच्या वापराविरुद्ध आवाज उठवण्याचा नैतिक अधिकार भारताने गमावला. मला ते टोकाचं वाटतं, पण उद्धृत करायला हरकत नाही, निदान विरोधी बाजू परकी नव्हती हे दिसेल.

इराकचा दाखला देण्याचा मोह होईल. जपून. २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी दिलेलं मुख्य कारण एका वस्तुस्थितीवर उभं होतं: इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत. तपासनीस आणखी वेळ मागत असताना हल्ला झाला आणि शस्त्रसाठे सापडले नाहीत. तिथे वस्तुस्थितीच कोसळली. गोव्यात तसं काही नाही. वसाहत होती, दडपशाही होती, बोलण्यांना नकार होता, सगळं खरं. गोव्यात वाद वस्तुस्थितीचा नाही, या वस्तुस्थितीतून बळ वापरण्याचा हक्क निघतो का, याचा आहे. दोन्ही एका पारड्यात घातलेत तर तुमचे प्रतिस्पर्धी दोन वाक्यांत तुम्हाला गप्प करतील, आणि बरोबर करतील.

त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला कागद १९७४ चा आहे, त्याची तयारी ठेवा. एप्रिलमध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही उलथली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरेस यांनी तह केला. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य केलं, आणि तेही ज्या ज्या तारखेपासून हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचे झाले त्या तारखेपासून. म्हणजे मागच्या तारखेने. प्रतिस्पर्धी म्हणतील, मालकानेच मान्य केलं, आता तुम्ही कोण? उत्तर द्या: तहाने हक्क पक्का झाला, समर्थन नाही. तहात आक्रमण झालं असं लिहिलेलं नाही, झालं नाही असंही नाही. आणि तारीख १९६१ ची धरली आहे, १५१० ची किंवा १९४७ ची नाही. 'आपलंच होतं' या दुसऱ्या कारणाला त्या तहानेही हात लावलेला नाही. १९६१ च्या डिसेंबरात दिलेली कारणं त्या डिसेंबरात उपलब्ध असलेल्या कायद्याने तपासायची, तेरा वर्षांनंतरच्या समझोत्याने नाही.

माझा स्वतःचा कौल विचारलेला नाही, पण सांगतो: पहिलं कारण अपुरं, दुसरं आपल्याच न्यायालयात न टिकलेलं, तिसरं योग्य दिशेचं पण १९६१ च्या कायद्यात न बसणारं आणि चुकीच्या जागी जोर दिलेलं. गोवा मुक्त झाला याचा मला आनंदच आहे आणि समर्थन वैध नव्हतं, ही दोन वाक्यं मी एका दमात म्हणू शकतो. तुम्हीही सुरुवातीलाच म्हणून टाका, म्हणजे सभागृहातला अर्धा ताण निघून जाईल.

जनमत कौलाबद्दल: नाही, त्याला त्या अर्थाने सार्वमत म्हणता येत नाही. १६ जानेवारी १९६७ ला प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७० मतं, दोन पानांना, म्हणजे केंद्रशासित राहण्याला, १,७२,१९१. भारतात राहायचं का, हे विचारलंच नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांना त्यापेक्षा डिसेंबर १९६३ ची निवडणूक जास्त उपयोगी आहे. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) आणि युनायटेड गोवन्स हे दोन्ही मोठे पक्ष विलीनीकरणावरून एकमेकांचे गळे धरत होते, पण लिस्बनकडे परतायची भाषा कुणाची नव्हती. त्यातून लोकांचा कल दिसतो, हे मान्य करा. फक्त लगेच जोडून सांगा की सैन्य शिरल्यानंतर दोन वर्षांनी झालेली निवडणूक झा यांच्या हातात नव्हती, आणि लोकांचा असा कौल आधी घ्या, असं त्यांनी म्हटलंही नव्हतं.